एका शब्दाची जकात

परक्या भाषेंतून आलेला शब्द आपल्या भाषेंत कसा रुळतो, हें पाहणें मौजेचें असतें. पण तो अर्थावांचूनच रुळला, तर त्यापासून होणारा तोटा मौजेचा नसतो. ‘बरोक’ या शब्दासंबंधानें हा अनुभव आम्हांस नुकताच, आणि तोहि एकाच महिन्यांत दोनदां, आला. दोन्ही वेळां बोलणारे गृहस्थ आमचे जुने विद्यार्थी होते, आणि दोघांसहि त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे.

पहिले गृहस्थ रत्नागिरीस नवें घर बांधीत आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांचें जुनें घर, त्याची ओटी, पडवी, माजघर, सागवानी खांब, हें सर्व उतरवून झालें आहे. नव्या घराचा नकाशा त्यांनीं मोठ्या हौसेनें आमच्यापुढें पसरला. दर्शनी बाजूस चार उंच खांब, त्यांच्या माथ्यावर पानाफुलांची गर्दी, गच्चीच्या कठड्यावर सिंह, आणि दिवाणखान्याच्या छताला पीओपीची सोनेरी वेलबुट्टी. ‘सर, सगळें बरोक पद्धतीचें करायचें आहे. थिबा राजवाड्याहून सरस दिसेल,’ असें ते म्हणाले. त्यांच्या तोंडीं हा शब्द शुद्ध स्तुतीचा होता.

दुसरे गृहस्थ मराठीचे अध्यापक आहेत. एका वाचनमंडळासाठीं जुन्या काव्यांतील निवडक उताऱ्यांची यादी त्यांनीं केली होती, व ती आमच्या नजरेखालून घालण्यासाठीं आणली होती. यादींत मोरोपंतांची ‘केकावलि’ आधीं लिहून मागाहून खोडलेली दिसली. समासांत एकच शब्द होता : ‘बरोक’. कारण विचारतां ते म्हणाले, ‘सर, नुसती नक्षी आहे ती. आंत कांहीं नाहीं.’ येथें तोच शब्द शुद्ध निंदेचा होता.

एकाच शब्दानें एकाचें घर सजावें आणि दुसऱ्याच्या यादींतून एक कवि बाहेर जावा, हें विलक्षण आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, दोघांच्या मनांतला अर्थ एकच आहे. ‘पुष्कळ नक्षी म्हणजे बरोक’ एवढेंच दोघेहि समजतात. एकास नक्षी आवडते, दुसऱ्यास आवडत नाहीं, इतकाच काय तो भेद. आमचें म्हणणें असें कीं, हा अर्थच चुकीचा आहे; आणि शैलीचें नांव आवडीनिवडीचा शिक्का म्हणून वापरूं लागलें, कीं टीकेचें काम तेथेंच थांबतें.

आम्ही राहतों ती मांडवी या प्रश्नाचा विचार करण्यास एका परीनें योग्य जागा आहे. ‘मांडवी’ म्हणजे बंदरावरील जकातीची जागा. मुंबईंत व कच्छांतहि याच नांवाचीं ठिकाणें आहेत, आणि तींहि बंदराशींच निगडित आहेत. गलबतांतून उतरलेला माल उघडून पाहावा, मोजावा, त्यावर जकात घ्यावी, आणि मग तो गांवांत जाऊं द्यावा, असा अशा जागांचा जुना परिपाठ. शब्दांच्या बाबतींत अशी जकात कोणी घेत नाहीं. या किनाऱ्यावर पोर्तुगीज भाषेंतून किती तरी शब्द उतरले! पगार, चावी, लिलाव, तुरुंग, घमेलें, काजू, अननस हे शब्द आज कोणास परके वाटत नाहींत. ज्या आंब्यावर रत्नागिरीचा लौकिक उभा आहे, त्याचें ‘हापूस’ हें नांवहि मूळचें ‘अफोन्सो’ हें पोर्तुगीज विशेषनाम होय. पण या शब्दांच्या पाठीशीं वस्तु होती. चावीनें कुलूप उघडे, घमेल्यांत माती भरे. अर्थ चुकला तर काम अडे. ‘बरोक’ हा शब्दहि बहुधा मूळचा त्याच भाषेंतला. पण आपल्याकडे तो गलबतांतून आला नाहीं. तो फार उशिरां, इंग्रजी पुस्तकांतून आला. आणि येतांना वस्तु मागें ठेवून आला.

त्याचा उगम पाहूं गेल्यास तो आपल्या किनाऱ्यास अगदींच अनोळखी नाहीं, असें दिसून येतें. पोर्तुगीज बोलींत ‘बारोकू’ म्हणजे वेडेंवांकडें, गोलाई न साधलेलें मोतीं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला व गोव्यास स्थायिक झाला. येथील वनस्पति व औषधी द्रव्यें यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यासच छापला गेला, आणि त्यांत मोत्यांच्या प्रकरणीं हा शब्द याच अर्थानें येतो. म्हणजे ज्या शब्दानें पुढें युरोपांतील एक कलायुग ओळखलें जावयाचें होतें, त्याच्या आरंभींच्या छापील उपयोगांपैकीं एक कोंकणच्या किनाऱ्यावर झाला. दुसरीहि एक व्युत्पत्ति सांगतात. मध्ययुगीन तर्कशास्त्रांत अनुमानाच्या एका प्रकारास विद्यार्थ्यांच्या स्मरणासाठीं ‘बारोको’ असें नांव दिलेलें होतें. पुढें आडवळणाच्या, ओढूनताणून केलेल्या युक्तिवादास तें थट्टेनें लावूं लागले. मोतीं घ्या कीं तर्क घ्या, मूळ कल्पना एकच : जें सरळ असावयास हवें होतें, तें वांकडें झालें.

फ्रान्समध्यें अठराव्या शतकांत हा शब्द कलेस लागला, तो याच निंदेच्या अर्थानें. रूसोनें १७६८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या संगीतकोशांत त्याची नोंद केली आहे. गोंधळलेली स्वररचना व अस्वाभाविक गाणें यांस तो हा शब्द लावतो. पुढें १८५५ मध्यें बुर्कहार्ट या थोर स्विस इतिहासकारानें इटलीच्या कलेवरील ग्रंथांत बरोक वास्तुशिल्पास प्रबोधनकालीन शिल्पाची बिघडलेली बोली ठरविलें. इंग्लंडांत रस्किननें प्रबोधनाच्या उत्तरकालीन शिल्पाविषयीं तिरस्कारच शिकविला. इंग्रजी टीकाग्रंथांवर वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या मनांत या शब्दाची जी छटा बसली आहे, ती अशी दुसऱ्यांच्या अभिरुचीची उसनवारी आहे.

या शिवीचें नांव बनविण्याचें श्रेय मुख्यतः बुर्कहार्टचाच शिष्य हाइन्रिख व्योल्फ्लिन याजकडे जातें. १८८८ व १९१५ या सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन ग्रंथांत त्यानें प्रश्नच बदलला. ही कला चांगली कीं वाईट, हें बाजूस ठेवून ती जगाकडे पाहते कशी, असें त्यानें विचारलें. प्रबोधनकालीन कला रेषेनें विचार करते, बरोक कला छायाप्रकाशाच्या पुंजांनीं. पहिलीची रचना आपल्या चौकटींत मिटलेली असते, दुसरीची चौकटीबाहेर झेपावते. पहिलींत प्रत्येक अवयव स्वतंत्रपणें उठून दिसतो, दुसरींत सर्व अवयव एका ओघांत मिसळून जातात. या वर्णनांत नक्षीच्या मापास जागाच नाहीं. गति, एकवटलेला परिणाम, आणि पाहणाऱ्यास त्या परिणामांत ओढून घेण्याची शक्ति, हा बरोकचा निकष आहे. नक्षी या शक्तीची चाकर असते.

एक उदाहरण घेऊं. रोम येथील सान्ता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्यें बर्निनीनें १६४७ ते १६५२ या काळांत संत तेरेसाचें शिल्प केलें. संगमरवराच्या ढगावर ती साध्वी मूर्च्छित पडली आहे. शेजारीं देवदूत बाण घेऊन उभा आहे. तिच्या वस्त्राला इतक्या चुण्या आहेत कीं, त्यांखालीं देह शोधावा लागतो. वरून किरणांच्या सोनेरी सळया उतरतात, आणि त्यांवर खरा उजेड पडतो तो पाहणाऱ्यास न दिसणाऱ्या एका खिडकींतून. तेथें अलंकार थोडे नाहींत. पण त्या चुण्या, तो सोन्याचा मुलामा, ती लपविलेली खिडकी, यांपैकीं कोणतीहि एक गोष्ट काढून घेतली, तर तेरेसाची मूर्च्छा तितकी उणी होईल. दगडाला स्वतःचा कंप नसतो. तो कंप चुण्यांनीं आणला आहे.

इतकें दूर जाण्याचीहि गरज नाहीं. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस चर्चचें बांधकाम १५९४ मध्यें सुरू झालें, व १६०५ मध्यें त्याची प्रतिष्ठा झाली. रत्नागिरीच्या घरांचा जांभा तोच त्याचाहि दगड. त्याची दर्शनी भिंत मजल्यामजल्यांत रेखीवपणें विभागलेली आहे. तिला बरोक म्हणण्यास आम्ही कचरूं. आंत शिरल्यावर मात्र सोन्याच्या मुलाम्याची, पिळदार खांबांची भव्य वेदी समोरून अंगावर येते, आणि चालणाऱ्याचें पाऊल आपोआप तिच्याकडे वळतें. ज्या समाधीवर संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची पेटी आहे, ती फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराची असून १६९८ मध्यें बसविण्यांत आली. ती तर अस्सल इटालियन बरोक. म्हणजे एकाच वास्तूंत दाराबाहेर एक विचार करावा लागतो व दाराच्या आंत दुसरा. संबंध इमारतीवर एक चिठ्ठी डकवून भागत नाहीं. पुढें अठराव्या शतकांत कवळें येथील शांतादुर्गेच्या देवळांत घुमट, कमानी व कठडे अशा वस्तु त्याच युरोपीय शिल्पांतून आल्या. पण तेथें त्या दीपमाळेशीं, तळीशीं, सभामंडपाशीं अशा जुळल्या आहेत कीं, देवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकास त्या परक्या वाटत नाहींत. उसनें आणलेलें कामास लावलें, म्हणजे तें आपलें होतें. शब्दांच्या जकातीचाहि अर्थ आम्ही हाच समजतों.

आतां आमच्या पहिल्या विद्यार्थ्याचें घर. ज्या थिबा राजवाड्याशीं त्यांनीं स्पर्धा मांडली आहे, तो मुळीं बरोकच नाहीं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्यें पदच्युत झाला व १८८६ मध्यें रत्नागिरीस आणला गेला. त्याच्यासाठीं बांधलेला हा वाडा १९१० मध्यें पुरा झाला, आणि १९१६ मध्यें राजाचा रत्नागिरींतच अंत झाला. जांभ्याचें बांधकाम, उतरतीं छपरें, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, रंगीत कांचा अशी ती शांत व कांहींशी उदास वास्तु आहे. नक्षी तिच्यांत बेताचीच. सोनेरी वेलबुट्टीच्या छताविषयीं म्हणाल, तर तें फार झालें तर ‘रोकोको’च्या गोत्रांतलें. हा शब्द फ्रेंच ‘रोकाय’पासून, म्हणजे शंखशिंपले व दगडगोटे यांच्या नक्षीकामावरून आला, अठराव्या शतकांतील फ्रेंच दिवाणखान्यांची ती नाजूक, खेळकर सजावट. एका शैलीस मोत्याचें नांव व दुसरीस शिंपल्याचें, हा योग समुद्राकांठीं राहणाऱ्यांस लक्ष्यांत ठेवण्यास सोपा आहे.

पण खरें सांगावयाचें, तर त्या घरास या दोहोंपैकीं एकहि नांव शोभणार नाहीं. त्याचे खांब कांहीं पेलत नाहींत, हा त्याचा मुख्य दोष आम्ही मानीत नाहीं. बरोक शिल्पकारहि पाहिजे तेथें खोटा खांब उभा करीत, चुन्याचा संगमरवर करीत. परंतु त्यांचा तो देखावा एका परिणामासाठीं असे. येथें खांब एका चित्रांतून घेतले आहेत, सिंह दुसऱ्या, छत तिसऱ्या. त्यांची एकमेकांशीं ओळखहि नाहीं. जुन्या ओटीवरचा सागवानी खांब तुळई पेलीत होता, आणि पेलतां पेलतां त्याच्या माथ्यावर कमळ फुललें होतें. तें कमळहि नक्षीच होतें. पण तें कोठें फुलावें हें घरानें ठरविलेलें होतें.

केवळ परक्या नांवांचीच अशी गत होते असें नाहीं. चुना न वापरतां काळ्या दगडांत बांधलेलें कोणतेंहि जुनें देऊळ दिसलें, कीं तें हेमाडपंती म्हणून आपण मोकळे होतों. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकांतला. अंबरनाथचें शिवालय शिलाहारांच्या काळचें. तेथील लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोनशें वर्षें आधींचें देऊळ हेमाद्रीच्या नांवावर! ही कालगणनेची चूक त्या मानानें लहान म्हणावी. मोठा तोटा असा कीं, नांव उच्चारतांच पाहणें संपतें. अंबरनाथच्या भिंतींस पडलेले कोन, त्या कोनांमुळें उन्हाबरोबर सरकणाऱ्या उभ्या सावल्या, त्या सावल्यांत दडणाऱ्या व पुन्हां उजळणाऱ्या मूर्ति, हें सर्व ‘हेमाडपंती’ या एका शब्दाखालीं पाहावयाचें राहून जातें.

साहित्यांत तर आपल्या पूर्वजांनीं हा वाद हजार वर्षांपूर्वींच केला आहे. दंडीनें वैदर्भ व गौड असे दोन मार्ग सांगितले व मान पहिल्यास दिला. गौडी म्हटली कीं लांब समास व अनुप्रासांचा गडगडाट, अशी तिची ख्याति झाली. वामनानें या दोन रीतींच्या जोडीस पांचाली ही तिसरी मानली. विदर्भ आपला, तेव्हां हा निकाल आपणांस सुखावह वाटावा. पण भामहानें तो भेदच गतानुगतिकांचा म्हणून झिडकारला. कुंतकानें तर मुळावरच घाव घातला. ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथांत त्यानें देशांवरून रीतींस नांवें देणें अमान्य केलें, आणि कविस्वभावावरून सुकुमार, विचित्र व मध्यम असे तीन मार्ग मानले. त्यांतील ‘विचित्र’ मार्ग म्हणजे अलंकारांच्या तेजानें झळकणारा, वळणावळणाचा मार्ग. बाणभट्ट व भवभूति हे त्याच्या मतें याच मार्गाचे प्रवासी. हा मार्ग हीन आहे असें कुंतक म्हणत नाहीं. तो तलवारीच्या धारेसारखा अवघड आहे, असें म्हणतो. आणि ग्रंथाच्या नांवांतील ‘वक्र’ म्हणजे तरी वांकडेंच कीं! ज्या वांकडेपणास युरोपानें दोष समजून नांव दिलें, त्यास या काश्मिरी पंडितानें काव्याचें जीवित म्हटलें.

येथें दोन शब्दांचा मोठा नवलाचा योग दिसतो. कुंतकाचा ‘विचित्र’ म्हणजे नानारंगी, लखलखणारा. तोच शब्द मराठींत उतरतां उतरतां ‘तऱ्हेवाईक’ या अर्थावर आला. ‘बरोक’ निघाला तो वांकडा व तऱ्हेवाईक या अर्थानें, आणि चढत चढत एका भव्य कलेचें नांव झाला. एकाच वाटेवर दोघे समोरासमोरून आले व एकमेकांची जागा घेऊन गेले. यावरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, अलंकृत शैलीचें नांव हें पुष्कळ वेळां त्या शैलीपेक्षां नांव उच्चारणाऱ्या काळाचें वर्णन असतें. मराठींत ‘नांव ठेवणें’ व ‘नांवें ठेवणें’ यांत एका अनुस्वाराचें व एका मात्रेचें अंतर आहे. टीकाकाराचा हात त्या अंतरावर फार सहज घसरतो.

हें ध्यानांत ठेवून मोरोपंतांकडे वळूं. त्यांच्या अनेक रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. ओठांनीं उच्चारावयाचा वर्ण येऊं न देतां रामकथा सांगावयाची, ही तेथील प्रतिज्ञा. तेथें नियम आधीं येतो व राम मागून. वाचक मान डोलावतो, पण ती कवीच्या कसरतीस. या रचनेस कोणी नुसती नक्षी म्हटलें तर आम्ही भांडणार नाहीं. बरोक मात्र तिला म्हणतां येणार नाहीं, कारण ती नक्षी जागच्या जागीं मोजून भरलेली आहे. ती वाचकास कोठें नेत नाहीं.

‘केकावलि’ हें निराळें प्रकरण आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघाकडे पाहून मयूर ओरडतो, तसा हा मयूरकवि देवाकडे पाहून ओरडतो. पृथ्वी वृत्ताची सतरा अक्षरांची लांब ओळ, आणि त्या ओळींत भक्ताचा देवाशीं चाललेला वाद. भक्त आपलें पाप कबूल करतो, आणि लगेच देवास त्याच्या ब्रीदाची आठवण देतो. पूर्वीं तारलेल्यांचीं उदाहरणें वकिलासारखीं मांडतो. मग आपलेंच बोलणें धिटाईचें वाटून पायांवर पडतो, आणि पडल्या पडल्या नवा मुद्दा काढतो. हीं यमकें, हे श्लेष, ही युक्तीवर रचलेली युक्ति म्हणजे बंद दारापाशीं उभ्या असलेल्या माणसाची धडपड आहे. सरळ शब्दांत मागितलें तर मागणें एका ओळींत संपेल, आणि तितक्याच लवकर नाकारलें जाईल, ही भीति त्या वळणांत आहे. बोलणें संपूं द्यावयाचें नाहीं, म्हणून तें वळतें. अलंकार काढून टाकले म्हणजे आंतली भक्ति शुद्ध स्वरूपांत दिसेल, असें वाटतें. पण अलंकार काढतांच टाहोच बंद पडतो. तेरेसाच्या वस्त्राच्या चुण्यांविषयीं जें म्हटलें, तेंच येथें.

‘केकावली’चा प्रत्येक श्लोक या कसोटीस उतरतो असा आमचा दावा नाहीं. शब्दखेळाच्या नादीं लागून कवि देवास क्षणभर विसरला आहे, असे श्लोकहि तींत सांपडतील. तसेंच तुकोबांच्या साध्या बोलण्याची सर या वळणांस येते कीं नाहीं, हा वादहि आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. साधेपणाचा मार्ग निराळा व त्याची धारहि निराळी. एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, व्योल्फ्लिनच्या अर्थानें ‘केकावलीस’ कोणास बरोक म्हणावयाचें असेल, तर त्यानें खुशाल म्हणावें. मात्र त्या अर्थानें म्हटल्यावर तिला यादींतून खोडतां येणार नाहीं.

आतां एक कबुली दिली पाहिजे. ‘नुसती नक्षी आहे, आंत कांहीं नाहीं’ हें वाक्य त्या तरुण अध्यापकाचें नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वीं वर्गांत तें आम्हींच उच्चारलें होतें. आम्ही त्यांच्याशीं वाद घालूं लागलों, तेव्हां दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपली जुनी वही आणून दाखविली. वाक्य त्यांत आमचेंच होतें, आणि ‘बरोक’ हा शब्दहि. त्या वर्षीं आम्ही केशवसुत शिकवीत होतों. मालगुंडच्या या कवीच्या नवेपणास उठाव यावा, म्हणून मागच्या कवींना अंधारांत ढकलणें आम्हांस सोयीचें वाटलें होतें. केशवसुतांस असल्या मदतीची मुळींच गरज नव्हती. टाळी मिळविणारें एक विशेषण आम्हीं वर्गांत टाकलें, व तास संपतांच विसरून गेलों. एका चांगल्या विद्यार्थ्यानें तें जपून ठेवलें, त्यावर विश्वास ठेवला, आणि पंचवीस वर्षांनीं त्याच्या आधारें एक काव्य आणखी वीस-पंचवीस वाचकांपासून दूर ठेवण्यास तो निघाला. शिक्षकाच्या तोंडच्या निष्काळजी शब्दाची जकात अशी दुसऱ्यांस भरावी लागते.

म्हणून या शब्दास आपल्या भाषेंत बंदी करावी, असें आम्ही म्हणत नाहीं. येऊं द्यावा, फक्त मांडवीवर त्याचें गांठोडें उघडून पाहावें. बरोक हें नांव एका काळास लावीत आहों कीं एका वृत्तीस, हें वापरणाऱ्यानें आधीं सांगावें. काळास लावावयाचें, तर सतरावें शतक व त्याच्या आगेंमागें युरोपांत आणि युरोपाच्या वसाहतींत जें झालें, तेवढ्यापुरतेंच तें ठेवावें. वृत्तीस लावावयाचें, तर समोरच्या कृतींत अलंकार काय काम करतो आहे, तो काढला तर कृतींतून काय जाईल, आणि तो आपणांस कोठें नेतो, हें दाखवावें. एवढें दाखविल्यावर मग शब्द वापरला काय, न वापरला काय, फारसें बिघडत नाहीं. आणि हें दाखविलें नाहीं, तर शब्द वापरूनहि कांहीं सांगितलें असें होत नाहीं.

युरोपांतील सोनार वांकडीं मोतीं टाकून देत नसत. एखाद्याचा आकार माणसाच्या धडासारखा दिसला, तर त्याभोंवतीं सोन्याचें डोकें व हात घडवून ते त्याचा जलपुरुष करीत. एखाद्याचा पक्षी करीत. मोत्याचा वांकडेपणा कोणत्या आकारास जुळतो, हें आधीं निरखून पाहावें लागे, आणि मगच सोनें वितळे. टीकाकारासहि याहून मोठा धडा नको.

यादींत ‘केकावलि’ पुन्हां लिहिली गेली आहे. समासांतला शब्द आम्हीं आमच्या हातानें खोडला. घराचें काम चालूच आहे. जुने सागवानी खांब परसांत ताडपत्रीखालीं पडून आहेत. त्यांपैकीं दोन तरी नव्या पडवीखालीं, जेथें खरोखर छप्पर पेलावें लागेल तेथें उभे करावे, अशी विनंति आम्हीं मालकांस केली आहे. ‘पाहतों, सर,’ असें ते म्हणाले आहेत. पाऊस लागण्यापूर्वीं त्यांनीं पाहावें, एवढीच इच्छा.